हेर नायिका आणि प्रेक्षकांचा निवाडा

युद्धकालीन हेरकथा आणि प्रेमकथा हे चित्रपटांचे दोन स्वतंत्र प्रकार मानले जातात. पण पडद्यावर ते फार पूर्वीपासून एकमेकांत मिसळलेले आहेत. याचे कारण सरळ आहे. शत्रूच्या घरात शिरायचे तर त्याचा विश्वास संपादन करावा लागतो, आणि विश्वास संपादन करण्याचा कथाकारांना सर्वांत सोयीचा वाटलेला मार्ग म्हणजे प्रेमाचे नाटक. हे नाटक वठवण्याची कामगिरी बहुतेक वेळा स्त्रीवर सोपवली जाते. मग एक प्रश्न आपोआपच उभा राहतो. हे नाटक शेवटपर्यंत नाटकच राहिले, की त्यात काही खरे उतरले? प्रेक्षक सारा वेळ याच प्रश्नाचा माग काढत असतो, आणि उत्तर मिळाले की निकाल देऊन मोकळा होतो.

आपल्याकडच्या विषकन्येच्या कल्पनेशी तुलना केली तर यातले नवेपण ध्यानात येते. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त राक्षसाने चंद्रगुप्तासाठी योजलेली विषकन्या चाणक्य पर्वतकाकडे वळवतो. तिला काय वाटले असेल हे तिथे कोणी विचारीत नाही, कारण ती शस्त्र आहे. शस्त्र कोणी फेकले आणि कोणाला लागले एवढाच प्रश्न. चित्रपटाने या शस्त्राचा चेहरा जवळून दाखवला. डोळ्यांत पाणी तरळते आहे की नाही हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसू लागले, आणि चेहरा दिसला की मनाविषयी कुतूहल निर्माण होणारच. हेर नायिकेवरचा प्रेक्षकांचा खटला तिथून सुरू झाला.

हा निकाल कशाच्या आधारे दिला जातो? 'त्यांचे प्रेम पटले', 'ते पटत नाही' अशी आपली भाषा असते. म्हणजे आपण प्रेमाचा खरेपणा तोलतो, अशी आपली समजूत असते. परंतु १९३१ ते २००७ या काळातील काही चित्रपट आणि त्यांचे जे स्वागत झाले ते पाहिले, तर वेगळेच चित्र दिसते. तोलली जाते ती निष्ठा. प्रेम आपल्या बाजूच्या पारड्यात पडले तर ते खरे आणि क्षम्य ठरते. दुसऱ्या बाजूला झुकले तर तीच भावना दुबळेपणा, वासना किंवा फितुरी ठरते. शिक्षाही बहुधा स्त्रीलाच होते, आणि कधी कधी ती पडद्याबाहेर येऊन भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीपर्यंत पोहोचते.

१९३१ साली हॉलिवूडमध्ये दोन हेरपट तयार झाले. 'माता हारी'त ग्रेटा गार्बो होती. तिची नायिका १५ ऑक्टोबर १९१७ रोजी पॅरिसजवळच्या व्हँसेन येथे फ्रेंचांनी गोळ्या घालून ठार केलेल्या डच नर्तकीवर बेतलेली होती. चित्रपटातली माता हारी एका तरुण रशियन वैमानिकाच्या प्रेमात पडते, आणि अखेरीस ताठ मानेने बंदुकांना सामोरी जाते. दुसरा चित्रपट जोसेफ फॉन स्टर्नबर्गचा 'डिसऑनर्ड'. त्यात मार्लीन डिट्रिच ऑस्ट्रियाची हेर 'एक्स-२७' झाली आहे. पकडलेला रशियन हेर तिच्या ताब्यात असताना ती त्याला निसटू देते, आणि या अपराधासाठी तिचेच सरकार तिला गोळ्या घालते. मृत्यूपूर्वी ती ओठांना रंग लावते. हुकूम द्यायचा तरुण अधिकारी ऐनवेळी कोसळतो. त्याच्या जागी दुसरा येतो आणि काम पुरे होते.

या दोन्ही शेवटांत प्रेक्षकांशी केलेला एक अलिखित करार दिसतो. नायिकेच्या प्रेमाने हळहळण्याची मुभा आहे, पण हिशोब तिच्या प्राणांनी चुकता व्हायला हवा. एक्स-२७ने शत्रूला सोडले याची खंत बाळगत कोणी चित्रपटगृहाबाहेर पडत नाही, कारण तिने किंमत मोजलेली असते. शिवाय युद्ध संपून तेरा वर्षे झाली होती आणि ऑस्ट्रियाचे ते साम्राज्यही उरले नव्हते. जे राज्यच नाहीसे झाले त्याच्याशी केलेल्या द्रोहाचा राग कोणाला येणार? पुढे जे घडले ते समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

१९४६ साली आल्फ्रेड हिचकॉकचा 'नटोरियस' आला तेव्हा दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. बेन हेक्टने लिहिलेल्या या पटकथेची नायिका अलिशिया ह्युबरमन ही अमेरिकेत देशद्रोहासाठी शिक्षा झालेल्या एका नाझी हस्तकाची मुलगी. दारू आणि पुरुष यांच्यामुळे तिची बदनामी झालेली. ही भूमिका इंग्रिड बर्गमनने केली. डेव्हलिन हा सरकारी गुप्तचर (कॅरी ग्रँट) तिला रिओ दे जानेरोला नेतो. दोघे प्रेमात पडतात. त्यानंतर तिची कामगिरी कळते: वडिलांच्या परिचयातल्या सबॅस्टियनला (क्लॉड रेन्स) भुलवून त्याच्या घरात जमणाऱ्या नाझींची माहिती काढायची. सबॅस्टियन लग्नाची मागणी घालतो. डेव्हलिनने 'करू नकोस' एवढे म्हणावे म्हणून ती वाट पाहते. तो म्हणत नाही, आणि ती लग्न करते. दारूच्या बाटल्यांत दडवलेले युरेनियमचे खनिज, तळघराची किल्ली, कॉफीतून हळूहळू दिलेले विष हा पुढचा भाग बहुतेकांच्या परिचयाचा आहे.

या चित्रपटात प्रेमाच्या खरेपणाची कसोटी लावली तर काय दिसते? डेव्हलिन तिच्यावर प्रेम करतो, पण तिच्या पूर्वायुष्याचा डंख मनात ठेवून तिला सतत टोचत राहतो. सबॅस्टियन मात्र तिच्यावर भाबडेपणाने विश्वास टाकतो. त्याचे प्रेम अधिक खोल आहे, असे अनेक समीक्षकांनी नोंदवले आहे. हे भाबडे प्रेम फसवले गेले याबद्दल प्रेक्षकाला काही वाटायला हवे. पण अखेरीस डेव्हलिन आजारी अलिशियाला आधार देत जिन्यावरून खाली आणतो, मोटारीत बसवतो, आणि सबॅस्टियनला त्याच्या साथीदारांच्या तोंडी सोडून निघून जातो, तेव्हा प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. सबॅस्टियनचे प्रेम कितीही खरे असो, ते चुकीच्या बाजूचे होते.

हिचकॉकला हा निवाडा कसा चालतो हे ठाऊक होते, असे मानायला चित्रपटातच पुरावा आहे. सरकारी अधिकाऱ्यांच्या बैठकीत अलिशियाच्या चारित्र्याविषयी तुच्छतेने बोलले जाते. त्यावर डेव्हलिन उपरोधाने कबूल करतो की ती काही कुलीन स्त्री नव्हे. जीव धोक्यात घालत असली म्हणून काय झाले, वॉशिंग्टनमध्ये इतर सच्छील स्त्रियांबरोबर पत्ते खेळत बसलेल्या साहेबांच्या पत्नीची सर तिला कुठून येणार! जे सरकार तिच्या शरीराचा उपयोग करते तेच तिच्या शीलाबद्दल नाक मुरडते, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे प्रसंग त्या काळच्या हॉलिवूडमध्ये थोडे आहेत. १९३४पासून कडकपणे राबवल्या जाणाऱ्या आचारसंहितेमुळे पडद्यावरच्या चुंबनालाही वेळेचे बंधन होते. 'नटोरियस'मधले प्रसिद्ध चुंबन म्हणूनच थांबून थांबून, बोलण्याच्या आणि टेलिफोनच्या मध्ये तुकड्यातुकड्यांनी घेतलेले आहे. या साऱ्या कुंपणात राहूनही अलिशियाला क्षमा मिळाली, कारण तिचे प्रेम आणि तिचे कर्तव्य शेवटी एकाच मोटारीत बसले.

क्षमा अलिशियाला मिळाली. ती भूमिका करणाऱ्या बर्गमनला मात्र पुढे निवाड्याला तोंड द्यावे लागले. 'कासाब्लांका'ची (१९४२) इल्सा, 'द बेल्स ऑफ सेंट मेरीज'मधली (१९४५) जोगीण आणि 'जोन ऑफ आर्क' (१९४८) अशा भूमिकांतून प्रेक्षकांनी तिची एक सोज्ज्वळ मूर्ती घडवली होती. १९४९मध्ये ती रोबेर्तो रोसेलिनीच्या चित्रपटासाठी इटलीला गेली. दोघेही विवाहित होते. त्यांना फेब्रुवारी १९५०मध्ये मुलगा झाला, आणि १४ मार्च १९५० रोजी कोलोरॅडोचे सेनेटर एडविन जॉन्सन यांनी थेट अमेरिकेच्या सेनेटमध्ये तिच्यावर कडाडून टीका केली. एका अभिनेत्रीच्या खाजगी आयुष्याची चर्चा देशाच्या कायदेमंडळात झाली! हॉलिवूडचे दरवाजे तिला काही वर्षे बंदच राहिले. 'अनास्तेशिया'साठी (१९५६) तिला ऑस्कर मिळाले, तेव्हा ती समारंभाला हजर नव्हती. तिच्या वतीने ते स्वीकारले कॅरी ग्रँटने, म्हणजे पडद्यावरच्या डेव्हलिनने. १९७२ साली सेनेटर चार्ल्स पर्सी यांनी त्याच सेनेटमध्ये तिचा गौरव करून जुनी जखम भरण्याचा प्रयत्न केला. मधल्या काळात बावीस वर्षे गेली होती.

याच बर्गमनच्या एका चित्रपटाच्या धाग्याने आपण शांघायला जाऊन पोहोचतो. अँग ली या तैवानी दिग्दर्शकाच्या 'लस्ट, कॉशन'मध्ये (२००७) नायिका हाँगकाँगच्या चित्रपटगृहात अंधारात एकटी बसून 'इंटरमेझो' (१९३९) पाहते आणि रडते. विवाहित पुरुषावर प्रेम करून अखेर त्याला सोडून देणाऱ्या तरुणीची ती कथा; बर्गमनचा तो पहिला हॉलिवूडपट. अँग लीची नायिका तिच्याकडे पाहत असते, आणि आपल्यालाही असाच एक पुरुष सोडून द्यावा लागणार आहे याची तिला कल्पना नसते.

या चित्रपटामागे खरी घटना आहे. जपानने शांघाय जिंकल्यावर वांग जिंगवेई यांच्या नेतृत्वाखाली जपान्यांना अनुकूल अशी राजवट उभी राहिली. तिच्या गुप्त पोलीस दलाचा एक प्रमुख डिंग मोत्सुन. 'जेसफील्ड रस्ता, क्रमांक ७६' या त्याच्या कचेरीच्या पत्त्याचीच लोकांना दहशत होती. त्याला मारण्याच्या कटात चिनी राष्ट्रवादी सरकारच्या बाजूने झेंग पिंगरू ही तरुणी सामील झाली. तिचे वडील चिनी, आई जपानी. १९३७ साली एका लोकप्रिय चिनी मासिकाच्या मुखपृष्ठावर तिचे छायाचित्र आले होते. डिसेंबर १९३९मध्ये तिने डिंगला खरेदीच्या निमित्ताने लोकरी कोटांच्या एका दुकानात आणले. बाहेर मारेकरी दबा धरून होते. डिंगला संशय आला. तो धावत सुटून आपल्या मोटारीत शिरला आणि वाचला. पिंगरू पकडली गेली आणि फेब्रुवारी १९४०मध्ये तिला गोळ्या घातल्या गेल्या. युद्धानंतर, १९४७ साली, डिंगलाही देशद्रोहासाठी मृत्युदंड झाला.

आयलीन चँग या श्रेष्ठ लेखिकेने या घटनेचे बीज घेऊन एक छोटी कथा लिहिली. १९५०च्या दशकात सुरू झालेले हे लेखन अनेक वर्षे तिच्याजवळ राहिले आणि १९७८ साली तैवानमध्ये प्रसिद्ध झाले. कथेत तिने एकच मोठा बदल केला, पण तो मुळावरचा होता. तिची नायिका, नाटकात काम करणारी विद्यार्थिनी, कपड्यांऐवजी दागिन्यांच्या दुकानात सावजाला आणते. तो तिला हिऱ्याची अंगठी घेऊन देतो. त्या क्षणी तिला वाटते की हा आपल्यावर खरोखर प्रेम करतो, आणि ती त्याला निघून जाण्याची सूचना देते. तो वाचतो, आणि तिला व तिच्या सोबत्यांना ठार करण्याचा हुकूम देतो. देशद्रोह्याचे उदात्तीकरण केल्याचा आरोप लेखिकेवर तेव्हाच झाला. तिने लेखी उत्तर दिले. आपली पात्रे कसलेले हेर नसून कच्ची, अननुभवी मुले आहेत, हा त्यातला एक मुद्दा. या आरोपाला आणखी एक कडू किनार होती. १९४४मध्ये चँगने ज्या हू लानचेंगशी लग्न केले होते, तो याच वांग जिंगवेई राजवटीत अधिकारी होता. त्यामुळे वाचक कथेतल्या नायिकेबरोबर लेखिकेचाही निवाडा करीत राहिले.

२००७ साली अँग लीने या कथेचा सुमारे अडीच तासांचा चित्रपट केला. नायिका वाँग च्या-चीची भूमिका तांग वेई या नवोदित अभिनेत्रीने केली. गुप्त पोलिसांचा प्रमुख यी झाला टोनी ल्यूंग. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च 'सुवर्णसिंह' मिळाला. अमेरिकेत त्यातल्या शरीरसंबंधांच्या दृश्यांमुळे तो केवळ प्रौढांसाठीच्या सर्वांत कडक वर्गात टाकला गेला आणि तिथे त्याला प्रेक्षक बेताचेच लाभले. तैवान आणि हाँगकाँगमध्ये त्याने गर्दी खेचली. चीनमध्ये तो सुमारे सात मिनिटे कापून दाखवण्यात आला, आणि न कापलेला पाहण्यासाठी लोक हाँगकाँगला जाऊ लागले. कात्री शरीरदृश्यांपुरती नव्हती. दागिन्यांच्या दुकानात नायिका यीला घाईने 'लवकर जा' असे म्हणते, तिथे चीनमधील प्रतीत 'चला, जाऊ या' अशा अर्थाचे शब्द घातल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले होते. उघड्या शरीरांइतकीच त्या दोन शब्दांची धास्ती होती, असाच याचा अर्थ होतो.

मार्च २००८मध्ये चीनच्या नियामकांच्या आदेशाने तांग वेई तिथल्या प्रसारमाध्यमांतून अचानक दिसेनाशी झाली. तिची एका सौंदर्यप्रसाधनाची जाहिरातही काढून घेण्यात आली. देशद्रोही यीची भूमिका करणाऱ्या टोनी ल्यूंगवर अशी कारवाई झाली नाही, दिग्दर्शकावरही नाही. पकडून छळ करणारा, मृत्युदंडावर सही करणारा पुरुष साकारणे चालले. त्याला एका क्षणी 'जा' म्हणणारी स्त्री साकारणे चालले नाही. एक्स-२७नेही १९३१ साली नेमके हेच केले होते. तिच्यासाठी पडद्यावरचा मृत्यू पुरेसा झाला. च्या-चीही चित्रपटात मारली जाते, तिचे सोबतीही मारले जातात, पण हिशोब फिटला नाही, कारण ज्या देशाशी तिचे नाते होते तो जिवंत होता आणि त्याची जखमही. तांग वेईला चीनबाहेर काम शोधावे लागले. २०१०पासून ती पुन्हा पडद्यावर दिसू लागली, आणि २०२२मध्ये पार्क चान-वूक या कोरियन दिग्दर्शकाच्या 'डिसिजन टू लीव्ह'मध्ये तिने खुनाचा संशय असलेल्या स्त्रीची भूमिका केली. संशयित स्त्री, तिच्यावर नजर ठेवणारा पुरुष, आणि तिचे प्रेम खरे की खोटे हा प्रश्न तिथेही आहेच.

येथे दोन आक्षेप वेगळे करणे आवश्यक आहे, कारण वादाच्या धुरळ्यात ते एकच वाटतात. पहिला आक्षेप झेंग पिंगरूच्या कुटुंबीयांचा. तिने डिंगला सावध केले नव्हते. ती कामगिरीवर गेली, कामगिरी फसली, आणि तिने प्राण दिले. आज जगभरातील लाखो लोकांच्या मनात तिची ओळख 'प्रेमापायी कट उधळणारी' अशी झाली असेल, तर तो तिच्या स्मृतीवर अन्याय आहे. हा आक्षेप वस्तुस्थितीचा आहे. कथा म्हणजे इतिहास नव्हे, असे म्हणून तो झटकून टाकणे मला योग्य वाटत नाही. मेलेल्या माणसाला खुलासा करता येत नाही. दुसरा आक्षेप सरकारी. त्याला पिंगरूच्या सत्याची फिकीर नव्हती. शत्रूविषयी स्त्रीच्या मनात अमुक एक भावना येऊच शकत नाही, आणि आली तर ती दाखवता कामा नये, असे त्याचे म्हणणे. पहिला आक्षेप 'असे घडले नाही' म्हणतो, दुसरा 'असे वाटता कामा नये' म्हणतो. पहिल्याला उत्तर इतिहासाच्या पुस्तकातून देता येते. दुसऱ्याला उत्तर देण्याची सोयच नसते.

हे सारे दूरदेशीचे, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. मेघना गुलजार यांचा 'राझी' (२०१८) १९७१च्या पार्श्वभूमीवरचा. त्यातली सहमत पाकिस्तानी सैनिकी घराण्यात लग्न करून जाते. पती सज्जन आहे, तिचे त्याच्यावर प्रेम जडते, आणि तरीही ती काम पूर्ण करते. आपल्या प्रेक्षकांनी हा चित्रपट मनापासून स्वीकारला. शत्रूच्या घरातली माणसे माणसांसारखी दाखवल्याबद्दल त्याची वाखाणणीही झाली. पण सहमतचे प्रेम तिच्या निर्णयावर परिणाम करीत नाही, ते फक्त तिला आयुष्यभर जाळते. प्रेमाला जखम म्हणून प्रवेश मिळाला, निर्णय म्हणून मिळाला नाही. दिग्दर्शिकेने ते दार किलकिले केले असते, तर आपण तिचे स्वागत असेच केले असते का, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

'लस्ट, कॉशन'मध्येच प्रेक्षकांचे दोन प्रसंग आहेत, आणि हा सारा विषय त्यांत सामावला आहे. एका प्रसंगात विद्यार्थी देशभक्तीपर नाटक करतात. च्या-ची रंगमंचावर रडते, आणि खालचे प्रेक्षक उठून उभे राहतात, चीनचा विनाश होऊ देणार नाही म्हणून एकसुरात ओरडू लागतात. त्या गर्जनेने ती भारून जाते; तिला हेरगिरीकडे नेणारी खरी शक्ती तीच. दुसरा प्रसंग वर आलेला: अंधारात एकटी बसून परक्या भाषेतल्या, परक्या स्त्रीच्या दुःखासाठी रडणारी तीच मुलगी. गर्जना करणारा प्रेक्षक आपली बाजू निवडून मगच अश्रू ढाळतो. एकटा रडणारा प्रेक्षक बाजू निवडायला विसरलेला असतो. युद्धाच्या दिवसांत पहिल्याची गरज असते, हे मान्य करायला हवे. शांघायवर बॉम्ब पडत असताना तटस्थ राहण्याचा उपदेश कोणी करू नये. पण युद्ध संपून साठ-सत्तर वर्षे लोटल्यावरही चित्रपटगृहात केवळ गर्जनाच ऐकू येत असेल, तर निवाडा नायिकेचा होत नसतो. प्रेक्षक स्वतःच्याच निष्ठेचा दाखला मिळवत असतो, आणि त्यासाठी साक्षीला एका स्त्रीला उभे करतो.